उसंतीचे रणांगण

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धाच्या खेळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात घड्याळ कुणासाठीही थांबत नाही. आपण लाकूडतोडीला माणसे धाडीत असतानाच शत्रूचे घोडदळ वेशीवर येऊन धडकते, आणि ज्याची बोटे अधिक चपळ त्याच्या पदरात विजय पडतो. दुसऱ्या वर्गात मात्र खेळणाऱ्याची पाळी चालू असेपर्यंत अवघे विश्व निश्चल उभे राहते. उगारलेली कुऱ्हाड उगारलेलीच राहते, नदीपलीकडची फौज नदीपलीकडेच खोळंबते, आणि आपला विचार पुरता होऊन आपण तसे कळविल्यावाचून शत्रूला पाऊल उचलण्याची मुभा नसते. या दुसऱ्या वर्गातल्या, आणि त्यातही जादूगार, राक्षस, पंखांचे घोडे आणि चालते वृक्ष यांनी गजबजलेल्या अद्भुतरम्य मुलखांत घडणाऱ्या खेळांवर माझे महाविद्यालयात असल्यापासून प्रेम आहे. मी समलिंगी आहे. आणि माझ्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी केवळ योगायोगाने शेजारी येऊन बसलेल्या नाहीत, अशी माझी पुष्कळ दिवसांची धारणा आहे.

आपल्या मनाचा कल लपवीत ज्याला वाढावे लागते, त्याच्या वाट्याला दिवसभर पहिल्याच वर्गातला खेळ येतो. वर्गात कुणाकडे किती वेळ पाहावे, हसताना मान कितपत कलवावी, मित्रांच्या बैठकीत एखाद्या नटीचे नाव निघताच चेहऱ्यावर कोणता भाव किती त्वरेने आणावा, काल सायंकाळी कुणाबरोबर फिरावयास गेलो होतो हे सांगताना कोणते नाव गाळावे आणि कोणते घालावे, लग्नघरात वाढता वाढता मावशीने "आता तुझे लाडू कधी रे?" असे विचारले तर कुणाचीही भुवई उंचावणार नाही असे कोणते उत्तर द्यावे, हे सारे निर्णय निमिषार्धात करावे लागतात, आणि त्यांपैकी एखाद्यात क्षणभर विलंब झाला तर तो विलंबच पुरावा म्हणून पुढे येतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वर्षानुवर्षे अशा रीतीने वावरला, की त्याला डावपेच कुणी शिकवावे लागत नाहीत. समोरच्याच्या पुढच्या चालींचा अदमास घेण्याची सवय त्याच्या अंगी आपोआप मुरते. त्याच्यापाशी नसते ती उसंत.

ती मला प्रथम ज्या खेळाने दिली, तो म्हणजे 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या मालिकेचा तिसरा भाग. न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या अमेरिकन मंडळीने तो १९९९ साली काढला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पुण्यातल्या आमच्या वसतिगृहात येऊन पोहोचला. पित्याच्या निधनाची वार्ता ऐकून माहेरी परतलेली राणी कॅथरीन आपले उद्ध्वस्त राज्य पुन्हा उभे करते, एवढेच त्याचे मूळ कथानक. परंतु त्या कथानकाच्या निमित्ताने जे राज्य आपल्या हाती सोपविले जाते, त्याचा कारभार एखाद्या जुन्या दप्तरखान्याला शोभेल इतका तपशीलवार आहे. सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने असा सात प्रकारचा खजिना. मुलखात जागोजागी विखुरलेल्या खाणी आणि करवतीच्या गिरण्या, ज्यांवर आपल्या सरदाराने निशाण रोवले की त्यांचा वसूल दररोज आपल्या खात्यावर जमा होऊ लागतो. नगरात बांधावयाच्या इमारतींचा क्रम, कारण अमुक कोठार उभे राहिल्याखेरीज तमुक पागा बांधता येत नाही. आणि दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी होणारी नवी भरती, जिच्यासाठी आदल्या रात्री खजिन्यात पुरेशी शिल्लक राखणे हे शहाण्या कारभाऱ्याचे काम. शेवटचे नगरही हातून गेले, तरी खेळ लगेच संपत नाही. सात दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात एखादे ठाणे काबीज केले तर राज्य पुन्हा उभे राहू शकते. पराभूताला मुदत देणारा हा नियम मला त्या वयातही फार उदार वाटला होता.

या सर्व व्यवहाराला कुठलीही घाई नव्हती. नकाशाच्या कडेला वाळूच्या घड्याळाचे चिन्ह असे, आणि ते दाबल्याशिवाय दिवस मावळत नसे. पॉल रोमेरो, रॉब किंग आणि स्टीव्ह बाका यांनी प्रत्येक नगराला स्वतंत्र संगीत दिलेले आहे. त्यातले अरण्यनगराचे संगीत ऐकत, काहीएक न करता, मी पुष्कळ वेळ त्या एका दिवसात बसून राहत असे. दिवसभरात ज्या कुणाला उत्तरे द्यावी लागली होती त्यांतले कुणीही त्या दिवसात शिरू शकत नव्हते.

हा खेळ लढाईत विचाराला किती जागा देतो, हे एका चकमकीवरून दाखविता येईल. रणांगण षट्कोनी घरांचे, पंधरा घरे रुंद आणि अकरा ओळींचे. समजा, एका खाणीवर बैलमुखी मिनोटॉरांचा पहारा आहे आणि आपल्यापाशी अरण्यनगराची फौज आहे: मागे एल्फ तिरंदाज, पुढे संथ चालीचे वृक्षमानव, बाजूला पंखांचे घोडे. पहिली फेरी सुरू होताच तिरंदाजांना बाण सोडण्याचा मोह होतो. पण लक्ष्य दहा घरांहून दूर असेल तर बाणाचा आघात निम्मा होतो, आणि तसे सांगण्यासाठी पडद्यावर तुटलेल्या बाणाची खूण उमटते. म्हणून जाणता खेळाडू त्यांना 'थांबा' असा हुकूम देतो. थांबलेल्या तुकडीची पाळी वाया जात नाही, ती फेरीच्या शेवटी सरकते. तोवर मिनोटॉर स्वतःहून पुढे आलेले असतात, आणि तेच बाण आता पुऱ्या जोराने लागतात. त्यानंतर येतो प्रत्याघाताचा प्रश्न. जिच्यावर घाव पडतो ती तुकडी उलट घाव घालते, पण एका फेरीत सामान्यतः एकदाच. तेव्हा पंखांचा एकच घोडा आधी पुढे धाडावा, मिनोटॉरांचा प्रत्याघात त्याच्यावर खर्ची पडू द्यावा, आणि मग वृक्षमानवांनी चाल करावी. त्यांच्यावर उलट घाव पडत नाही. शिवाय ते आपल्या मुळांनी शत्रूला जागीच जखडून टाकतात. या सबंध चकमकीत बोटांच्या चपळाईला तिळमात्र महत्त्व नाही. जे काही आहे ते धीराने थांबण्याला, परिणामांचा हिशेब करण्याला आणि योग्य क्षण ओळखण्याला. लपून जगताना जी कौशल्ये मी भयापोटी कमावली होती, ती इथे निर्भयपणे वापरता येत होती, आणि त्यांना प्रथमच शोभा येत होती.

हाच खेळ एका संगणकापुढे दोघांनी आळीपाळीने खेळण्याचीही सोय आहे, आणि वसतिगृहात आम्ही तो बहुधा तसाच खेळत असू. माझा जोडीदार शेजारच्या खोलीतला, स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी. लाल निशाण त्याचे, निळे माझे. एकाची पाळी संपली की पडदा नकाशा झाकून घेई, आता कोणत्या निशाणाची पाळी हे जाहीर करी, आणि दुसऱ्याने तिकडे पाहू नये असा संकेत असे, कारण प्रतिपक्षाचा सरदार कोणत्या खिंडीत दबा धरून बसला आहे हे कळले तर खेळात राम उरत नाही. "बघू नकोस हं," तो म्हणे. "नाही बघत," मी म्हणे. पडद्याकडे बघावयाची बंदी होती, म्हणून मी त्याच्याकडे बघत असे. तो ओठांवर पेन्सिल टेकवून खजिन्याचा हिशेब करी, पडद्यावरचा हिरवा प्रकाश त्याच्या गालावरून सरकत राही, एखादा बेत जमला की त्याच्या कपाळावरची आठी एकाएकी मोकळी होई; आणि हे सारे मला, कुणालाही जाब न देता, निवांतपणे पाहता येई, कारण ज्याची पाळी नाही त्याने वाट पाहावयाची असते हा खेळाचाच कायदा होता. दिवसाच्या इतर कोणत्याही प्रहरी मला एवढी मुभा नव्हती. त्याला माझ्या मनातले कधी कळले नाही, आणि पुढे तो परदेशी गेला. त्या संध्याकाळी माझ्या तारुण्यातल्या अत्यंत सुखाच्या संध्याकाळी होत्या, हे येथे लिहून ठेवण्यात मला समाधान आहे.

माझे बालपण सांगलीत गेले, आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभारलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे त्या गावात बुद्धिबळाला केवढी प्रतिष्ठा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे पाळीपाळीने खेळण्याच्या या विद्येचा वंशवृक्ष मला प्रथमपासून आपल्याच अंगणातला वाटत आला. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या चार अंगांचे चतुरंग भारतातून इराणात आणि तेथून युरोपात गेले. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या क्रीडांमध्ये त्याचा समावेश आहे. पुढे १७८० साली ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या जर्मन पंडिताने बुद्धिबळाच्या पटावर डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. त्यातून प्रशियन सेनाधिकाऱ्यांचा युद्धखेळ निघाला. त्या परंपरेत विसाव्या शतकातल्या हौशी मंडळींनी परीकथांतले जादूगार आणि राक्षस मिसळले, आणि १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अवतरला. तेथून संगणकाचा उंबरठा एकच पाऊल दूर होता. बुद्धिबळात दोन्ही फौजा सारख्या असतात, आणि पटावर काहीही झाकलेले नसते. या नव्या खेळांत फौजा विषम, मुलूख अनोळखी आणि बरेचसे अंधारात बुडालेले. ज्याला सुरुवातीपासूनच इतरांहून वेगळ्या सोंगट्या मिळाल्या आहेत, त्याला हा दुसरा पट अधिक सत्य वाटला तर त्यात नवल नाही.

या वंशवृक्षात आणखी एक पुरुष आहे, आणि त्याचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आपली पाळी संपल्यावर यंत्र विचार करून आपली चाल करते, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. परंतु यंत्राने पटावर खेळावे कसे, याचे नियम ज्यांनी अगदी प्रथम बसविले त्यांत ॲलन ट्युरिंग हा एक होता. त्याचे वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत होते. १९४८ साली डेव्हिड चॅम्परनाउन या मित्राच्या साहाय्याने त्याने बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची कार्यपद्धती लिहिली; ती चालवू शकेल असा संगणक तेव्हा हाताशी नव्हता, म्हणून १९५२ साली तो स्वतःच यंत्र झाला, आणि कागदावर एकेका चालीची आकडेमोड करीत आपल्या एका सहकाऱ्याशी डाव खेळला. एकेका चालीला सुमारे अर्धा तास लागे. एकोणतिसाव्या चालीला यंत्र, म्हणजे नियमांची तंतोतंत अंमलबजावणी करणारा ट्युरिंग, हरले. त्याच वर्षी, एका पुरुषाशी असलेल्या संबंधाबद्दल, १८८५च्या इंग्लिश कायद्याखाली त्याच्यावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली, आणि १९५४च्या जूनमध्ये, बेचाळिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, तो मरण पावला. समोरच्या खेळाडूला पाळी देऊन शांतपणे वाट पाहणाऱ्या यंत्राची कल्पना ज्याने केली, त्याला त्याच्या देशाने उसंत दिली नाही. माझ्या समोर बसून माझ्या खेळीची वाट पाहणाऱ्या प्रत्येक अदृश्य प्रतिस्पर्ध्यात मला त्याचा अंश दिसतो, आणि त्याच्याशी खेळताना मला एकटे वाटत नाही.

त्याला राजमाफी मिळाली ती २४ डिसेंबर २०१३ रोजी. त्याच महिन्याच्या ११ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निवाडा फिरवून, इंग्रजांनी १८६० साली आपल्याला दिलेल्या दंडसंहितेतले ३७७वे कलम पूर्ववत् जिवंत केले होते. साडेचार वर्षे जी मोकळीक होती ती एका सकाळी काढून घेण्यात आली; आणि नंतरच्या पंधरवड्यातच, ज्या साम्राज्याने ते कलम इथे आणले त्याच्या राजधानीत एका मृत गणितज्ञाला माफी देण्यात आली, ही बातमी मी वाचली. त्या डिसेंबरात मी जो खेळ खेळत होतो तो 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा होता. डेव्हिड व्हाइट याने २००३ साली सुरू केलेला हा खेळ आजही विनामूल्य आहे, आणि जगभरच्या हौशी लोकांनी आपल्या सवडीने तो वाढविलेला आहे. त्यात सहा पाळ्यांमध्ये पहाटेपासून उत्तररात्रीपर्यंतचे चक्र फिरते. कायद्याने चालणाऱ्या सैनिकांचा मारा दिवसा पाव हिश्श्याने वाढतो आणि रात्री तितकाच घटतो. बेबंदांचे नेमके याच्या उलट. मनुष्यांचे राजनिष्ठ शिलेदार पहिल्या वर्गात. ऑर्क, प्रेते, आणि त्यांच्या जोडीने चोर व बहिष्कृत, हे दुसऱ्यात. कायद्याने ज्याला त्या आठवड्यात पुन्हा गुन्हेगारांच्या रांगेत उभे केले होते, त्याला कोणता पक्ष जवळचा वाटला असेल हे सांगावयास नको. दिवसभर माघार घेत, गावे सोडीत, जंगलाच्या आडोशाने माणसे वाचवीत राहावयाचे, आणि सूर्य मावळताच पुढे सरकावयाचे, ही त्या पक्षाची रणनीती. आणि ज्या पिढ्यांना दिवसाउजेडी एकमेकांची ओळखही देता येत नव्हती, ज्यांच्या भेटी बागांतल्या आणि रेल्वेस्थानकांवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत व्हावयाच्या, त्या पिढ्यांचे पुरुष मला त्या नकाशावर दिसू लागले. रात्र ही त्यांचा आसरा होती, आणि बळही होती. तेही डावपेच जाणणारे होते, आणि त्यांच्या माघारीतसुद्धा शहाणपण होते, हे मला इतिहासाच्या पुस्तकांनी सांगितले नव्हते.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'मध्ये सैनिकांना नावे नसतात. एक आकृती आणि तिच्याखाली संख्या. चाळीस तिरंदाज, बारा वृक्षमानव. पंखांचा एक घोडा बळी देताना मन कचरत नाही, हा या पद्धतीचा सोयीस्कर भाग आहे, आणि वय वाढले तसा तो मला खटकू लागला. १९९० साली शोझो कागा या रचनाकाराने जपानात 'फायर एम्ब्लेम'ची मालिका सुरू केली, तेव्हा त्याने नेमकी हीच गोष्ट उलटी केली. त्याच्या पटावरच्या आपल्या बाजूच्या प्रत्येक प्याद्याला नाव आहे, चेहरा आहे, माहेर-सासर आहे. आणि जो पडला तो कायमचा गेला. माझ्या मते हा फरक केवळ भावनेचा नाही. ज्याचे नाव ठाऊक आहे त्याला पुढे धाडताना केलेला हिशेब निराळा असतो. विजय मिळूनही मनुष्य आदल्या दिवशीच्या नोंदीकडे परततो, आणि ज्यात कुणीही पडत नाही असा मार्ग शोधीत रात्र काढतो.

या मालिकेतल्या गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या भागांत एक योजना आहे, आणि तिच्याइतकी सुंदर गोष्ट मला दुसऱ्या कुठल्याही खेळात सापडलेली नाही. काही ठरावीक जोड्यांना पटावर शेजारशेजारच्या घरांत उभे केले, आणि पाळी संपविली, की त्यांच्यातल्या सख्याची नोंद आतल्या आत होत जाते. ती पुरेशी साचली की, लढाई चालू असतानाच, त्या दोघांना एकमेकांशी बोलण्याची आज्ञा पटावर उमटते. बोलणे झाले, की पुढे तीन घरांच्या आत असताना एकाचे बळ दुसऱ्याला मिळू लागते: घाव अधिक लागतो, शत्रूचा वार अधिक चुकतो. सान्निध्याला गणितात किंमत दिली गेली आहे. या किमतीसाठी दोघांपैकी एक स्त्री असली पाहिजे अशी अट नाही. मितभाषी धनुर्धर आणि त्याचा बडबड्या सोबती. सूडाच्या वाटेला लागलेला सरदारपुत्र आणि त्याची सावलीसारखी साथ करणारा, स्त्रीप्रमाणे नाजूक दिसणारा धर्मोपदेशक. असे कित्येक पुरुष मी पाळीमागून पाळी शेजारी उभे ठेवले, शत्रू दूर असतानाही कूच लांबविली, केवळ त्यांचे बोलणे व्हावे म्हणून. खेळ त्या मैत्रीला नाव देत नाही. पण तिची नोंद ठेवतो, तिला बळ मानतो, आणि कथेच्या अखेरीस कधीकधी तिला साजेसा शेवटही देतो. २००७ सालच्या 'रेडियंट डॉन'मध्ये आयक या वीराशी सोरेन या एकाकी, कडवट स्वभावाच्या जादूगाराचे सख्य पूर्णत्वाला नेले, तर युद्धानंतर ते दोघे मिळून तो देश सोडून निघून जातात. दोन पुरुष एकत्र कुठेतरी गेले आणि त्यात कुणालाही दंड झाला नाही, अशा शेवटाची मला आयुष्यभर तहान होती.

पुढे या मालिकेतल्या विवाहाच्या नियमांशी माझी गाठ पडली, आणि माझ्या प्रेमाला थोडी तक्रारीची धार आली. २०१२च्या 'अवेकनिंग'मध्ये लग्न जुळविण्याची सोय होती, परंतु स्त्री-पुरुषांचेच. दोन पुरुषांचे सख्य एका पायरीपर्यंत चढून तिथेच अडत असे, जणू पुढची पायरी बांधलीच नव्हती. २०१५ सालच्या 'फेट्स'मध्ये पुरुष नायकासाठी एकच पुरुष ठेवण्यात आला. इंग्रजी आवृत्तीत त्याचे नाव नाइल्स. दरोडेखोरांत वाढलेला, इतरांच्या वेदनेत सुख मानणारा तो मनुष्य, आणि तोही कथेच्या तीन शाखांपैकी दोहोंतच भेटणारा. एवढ्या मोठ्या सेनेत प्रेमास पात्र असा आपल्यासारखा एकच, आणि त्याच्या अंगी क्रौर्य, याचे मला वाईट वाटले. तरीही मी त्याला पुढच्या फळीत कधी एकटा धाडला नाही, आणि त्याच्या बालपणाची कथा ऐकल्यावर त्याच्याविषयी माझ्या मनात माया उत्पन्न झाली. २०१९च्या 'थ्री हाउसेस'मध्ये दारे थोडी अधिक उघडली; लिनहार्ट नावाचा ग्रंथात बुडालेला, रक्त पाहून भोवळ येणारा, झोपाळू तरुण तिथे पुरुष नायकाचाही जन्माचा जोडीदार होऊ शकतो. त्याच्याशी जन्माची गाठ बांधली जाते तो प्रसंग मी पाहिला तेव्हा ३७७व्या कलमातून आपण मुक्त होऊन वर्षही पुरते झाले नव्हते; ६ सप्टेंबर २०१८चा तो निवाडा मी ओळ न् ओळ वाचला होता.

नियम कुणीतरी केलेले असतात, आणि म्हणून ते बदलता येतात. ही समज मला न्यायशास्त्राच्या आधी या खेळांनी दिली. खेळात जे नियमात नाही ते घडूच शकत नाही, कितीही प्रेम असले, कितीही पाळ्या शेजारी उभे राहिले तरी. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय विधिमंडळांच्या अखत्यारीतला ठरविला, तेव्हा माझ्याबरोबर ते निकालपत्र ऐकणारा मनुष्य माझ्या शेजारीच बसला होता. भाड्याच्या करारनाम्यात आम्ही मित्र आहोत, रुग्णालयाच्या अर्जात मित्र आहोत, आणि शिधापत्रिकेत तर एकत्र नाहीच. तो स्वतः पेशाने हिशेबनीस, त्याने थोडा वेळ काही न बोलता चहा केला, आणि मग म्हणाला, "सात दिवसांची मुदत असते ना रे तुझ्या खेळात? इथे मुदत लांब आहे, एवढेच."

त्याला 'हीरोज'चा हा खेळ मीच शिकविला, आणि तो माझ्याहून वेगळा खेळतो. माझा ओढा अरण्यनगराकडे, त्याचा प्रेतनगराकडे, कारण तिथे पडलेल्या शत्रूंतून नवे सैनिक उठतात आणि ताळेबंदात काहीच वाया जात नाही. मिश्र फौजेत भिन्न नगरांचे प्राणी एकत्र आले की त्यांचे मनोधैर्य खचते, हा नियम त्याला रास्त वाटतो आणि मला अन्यायाचा. त्यावर आमचा वाद दीर्घकाळ चालू आहे, आणि नेतृत्वगुण असलेला सरदार ही उणीव भरून काढतो, या कलमाचा आधार मी दर वेळी घेतो. या खेळाबरोबर नकाशे रचण्याचे एक साधन मिळते. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही दोघे मिळून त्यात कृष्णेचा प्रदेश रचीत आहोत: वायव्येच्या कोपऱ्यात महाबळेश्वराचे डोंगर, मध्ये कऱ्हाडजवळ येऊन मिळणारी कोयना, आणि खाली हरिपूरचा वारणासंगम. माझ्या सांगलीच्या जागी अरण्यनगर असावे हे त्याने मान्य केले आहे. प्रेतनगर कुठे ठेवावे यावर मात्र एकमत नाही. त्याला ते संगमाच्या दक्षिणेला, दलदलीच्या काठी हवे आहे, म्हणजे पहिल्याच महिन्यात त्याचे सरदार माझ्या वेशीवर येतील. मी नदीवर पूल ठेवला नाही. तो म्हणतो, पूल नसेल तर जहाजाचा कारखाना दे, आणि त्याच्यासाठी लागणारी लाकडाची गिरणी नदीच्या त्याच्या बाजूला असली पाहिजे. गिरणी द्यावयास माझी हरकत नाही, परंतु तिच्यावर मिनोटॉरांचा पहारा बसवावा असे माझे मत आहे, आणि ते किती असावेत याची वाटाघाट अजून चालू आहे.